रंध्याचा घसारा

विमा कचेरीतल्या साहेबांस,

घरामागच्या शेडमधून माझी सुतारकामाची हत्यारं चोरीला गेली, त्यांची भरपाई तुम्ही मंजूर केलीत. पण रंध्यापुढे ‘घसारा वजा’ असं लिहिलंत, म्हणून मी सही अडवून धरली. मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, त्या रंध्यानेच मला शिकवलं. त्याची लाकडी मूठ एका बाजूने दबली होती, बरोबर माझा अंगठा बसेल एवढीच. ती झीज नव्हे साहेब, ती भर होती. तिचे पैसे उलट वाढवून द्या, असं ठणकावून लिहायला बसलो होतो.

बायको म्हणाली, “अहो, साहेबांना तुमचा अंगठा कुठून दिसणार? सही करा, नवा रंधा आणा आणि लागा कामाला. माझ्या डोक्याचा होतोय तो घसारा तरी थांबेल.”

सही केली. नवा रंधा आणला. मूठ गुळगुळीत, अगदी परकी. आज फळीला रंधा मारून थांबलो, तर अंगठ्याखालचं पॉलिश जरासं उडालेलं दिसलं. तिला बोलावून दाखवलं.

“झाली सुरुवात,” ती म्हणाली. “कळवा साहेबांना.”

म्हणून कळवतोय. पत्र मात्र हत्यारांच्या पेटीतच राहील, रंध्याखाली.

आपला,
अंगठेबहाद्दर विमेदार