विकतचं रान

झूटरमेर
६ नोव्हेंबर २०२४

चि. हेमचंद्र यास,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. काल मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका स्टीलच्या वाटीचा फोटो आला. तू फिरतोस त्या खासगी जंगलाच्या डच वनरक्षक बाईंना ती पायवाटेजवळ सापडली. तिच्यावरची अक्षरं वाचता येईनात, म्हणून त्यांनी फोटो फाटकावर लावला. युट्रेख्टहून तिथे रविवारी फिरायला येणाऱ्या सुयश नावाच्या मुलानं नाव वाचून दाखवलं आणि ग्रुपवर विचारलं, की या नंदाताई कोण? ते ‘सौ. नंदा’ मीच तुझ्या लग्नात तुळशीबागेतून घालून आणलं होतं. मी मूग गिळून बसले, आणि त्याचाच जास्त राग येतो आहे.

फाटकावर लिहिलंय की कुणीतरी खाणं ठेवतं, त्यामुळे पिल्लांसह एक रानडुकरीण माणसांची वाट बघत पायवाटेवर थांबते. परवा ती सायकलवरच्या एका लहान मुलीच्या मागे लागली. आता तो भाग बंद, आणि तिथल्या शिकाऱ्यांना आधी हीच डुकरीण मारायला सांगितलं आहे.

कार्ड काढलंस म्हणजे जंगल तुझ्या बापाचं झालं का? आपला बाप एकच, हे ठाऊक असूनही विचारते. मालक लाकूड विकतो, शिकार भाड्यानं देतो आणि तुझ्यासारख्यांना वर्षाचं कार्ड विकून चालू देतो. चालू देतो, पंगती घालू देत नाही. आइंडहोवनला चिपच्या यंत्रांवर जन्मभर धुळीचा कण बसू दिला नाहीस, आणि रानात दहीभात सांडतोस? उद्याच जाऊन कबूल कर.

रागावले आहे, माया आहे तेवढीच आहे.

तुझी ताई,
वासंती


एडे
११ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाटी माझीच. गेल्या वर्षी नंदा गेली, तेव्हा महिन्याचा घास बाल्कनीत ठेवला, तर कबुतरं आली. कावळा काही आला नाही. मग आम्ही दोघं रविवारी जायचो त्या रानात नेला, आणि कावळा लगेच आला. डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून दर रविवारी तिच्या आवडीचं काहीतरी नेतो, दहीभात, कधी घारगे. आई म्हणायची, माणूस उभं राहिलं की कावळा बुजतो, घास ठेवून निघून यावं. मी तसाच निघून येतो. पुढच्या रविवारी भरलेली वाटी ठेवायची, रिकामी आणायची. ती चाटूनपुसून लख्ख असायची. मला वाटायचं, तृप्त झाली. डुक्कर मनातही आलं नाही. नंदा असती तर पोट धरून हसली असती.

घास ठेवणं मी बंद केलं आहे. पण कबुली देववत नाही. खाणं ठेवणाऱ्याचं कार्ड कायमचं जाईल, असं फाटकावरच लिहिलंय. घरात तिचे कपडे आहेत, डबे आहेत, ती नाही. त्या झाडांत शिरलो की बाजूनं कुणी चालतंय असं वाटतं. तेवढंही गेलं, तर रविवारी मी कुठे जाऊ? तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार नाही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझं ओरडणं हक्कानं ऐकणारा,
हेमचंद्र


झूटरमेर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. हेमचंद्र यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून डोळे भरले. पुसले. आता ऐक.

सुयशचं कार्ड काढून घेतलं. नाव वाचता येणारा तोच, दर रविवारी येणारा तोच, म्हणून वाटी ठेवणाराही तोच ठरला. त्यानं नाही म्हटलं, तर बाई म्हणाल्या की सगळे हेच म्हणतात. त्याची बायको मीनल ग्रुपवर विचारते आहे, की लेकीला काय सांगू. लोक तिला वकिलांचे नंबर देताहेत आणि मी ते सगळं निमूट वाचते आहे.

घास नंदाच्या नावाचा आणि शिक्षा परक्या पोरीला? नंदानं तुला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. शनिवारी सकाळी येते. स्टेशनवर ये. न आलास तर एकटी जाऊन सांगेन, माझं डच तुझ्यापेक्षा बरं आहे. चहाबिहा नंतर.

टोचलं असेल तर टोचू दे, पण दुरावा धरू नकोस.

ताई


झूटरमेर
१ डिसेंबर २०२४

श्री. सुयश यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मंडळातून पत्ता घेऊन लिहिते आहे. फोटोतली वाटी माझ्या दिवंगत भावजयीची. ती ठेवणारा माझा धाकटा भाऊ हेमचंद्र, आणि ओळखूनही ग्रुपवर गप्प राहिलेली मी. आमच्यापायी आपल्यावर आणि मीनलवर आळ आला. दोघांच्या वतीनं क्षमा मागते.

भाऊ स्टेशनवर आला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं वनरक्षक बाईंना सगळं सांगितलं. कावळ्याचं त्यांना कळेना. मी समजावू लागले, तर त्यानं मला गप्प केलं आणि एकच मागणं मागितलं, की डुकरिणीला सोडा, महिनाभरात विसरेल. बाई म्हणाल्या, माणसाला न भिणारं रानडुक्कर विसरत नाही. बुधवारी शिकाऱ्यांनी तिला मारली. पिल्लं मोठी आहेत, जगतील म्हणतात. या सगळ्याचा मला फार संताप येतो, पण तो काढू कुणावर?

आपलं कार्ड बाई टपालानं पाठवणार होत्या. मी मागून घेतलं, ते आमच्या हातून यायला हवं म्हणून. लेकीला रानात जरूर न्या.

राग धरलात तरी चालेल, तो संपला की थोडी आपुलकी असू द्या.

वासंती

हवाली केल्याची नोंद:
वनरक्षकांकडून घेऊन सोबत पाठवलं: आपल्या कुटुंबाचं कार्ड, एक.
हेमचंद्रकडून वनरक्षकांकडे जमा: यंदा नव्यानं काढलेलं कार्ड, एक. त्यावर नावं दोन, हेमचंद्र आणि नंदा.