पावातला भुसा आणि तुमची सही

तीर्थस्वरूप मामांना,

तुमच्या बेकरीवाल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. नमस्कार रीत म्हणून केलाय, त्यावरून माझं डोकं ठिकाणावर आहे असं समजू नका. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? दोघंही ठणठणीत असा, कारण मला तुमच्याशी कडाकडा भांडायचंय आणि आजारी माणसाशी धड भांडताही येत नाही. फोनच केला असता, पण हल्ली फोन नुसता दिसला तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही मुलाकडे राहायला गेलात, पण आमच्या वसाहतीचा ग्रुप काही तुमच्याने सुटला नाही. गेल्या मंगळवारी सकाळी तुम्ही तिथे बातमी टाकलीत : बेकरीवाले पावात लाकडाचा भुसा मिसळतात, आतडी कायमची निकामी होतात, असं ‘एका मोठ्या डॉक्टरांनी’ सांगितलंय. (कोण हो हे मोठे डॉक्टर? नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. नुसतेच मोठे!) कुठल्या वर्तमानपत्रातली, कुठल्या तारखेची, काही पत्ता नाही. आणि खाली तुमची ती ओळ : ‘तपासले, बरोबर आहे.’ तीस वर्षं कचेरीत कागद तपासायच्या टेबलावर बसून तुम्ही हे तीन शब्द लिहिलेत, आता वाढदिवसाच्या शुभेच्छांखालीही लिहिता. पण लोकांना वाटतं, साहेबांनी तपासलं म्हणजे तपासलं! अहो, वसाहतीत बेकरी एकच आहे, मामा. तुमच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीची. उद्घाटनाला फीत तुम्हीच कापली होतीत!

मग जे सुरू झालं ते काय सांगू. शाळेच्या बाई पावाचा काप उजेडासमोर धरून बघायला लागल्या. औषधाच्या दुकानदाराने (शिकलेला माणूस!) माझ्या काउंटरवर काडी ओढून पावाचा तुकडा पेटवला, आणि पेटला म्हणजे लाकूडच, असा निकाल देऊन मोकळा झाला. मी म्हटलं, तुमचा शर्टही पेटेल, लावू का काडी? तर मलाच उद्धट म्हणाला. शेवटी मी तुमच्या बातमीसोबतचा तो फोटो मोठा करून पाहिला. पोतं ओतणारा माणूस, खाली भुसा, आणि उजव्या कोपऱ्यात कोंबडीचा पाय. पाय, मामा! शेजारी पाण्याचं भांडं आणि दुसरीची शेपटी. भुसा कोंबड्यांच्या खुराड्यात पसरतायत हो! बेकरीत कोंबडी काय खारी घ्यायला आली होती? वसाहतीतल्या दीडशे जणांनी तो फोटो पाहिला, पण एकालाही कोंबडी दिसली नाही, कारण खाली तुमची ओळ होती. तुम्ही स्वतः तरी तो उघडून पाहिला होतात का? खरं सांगा.

पाव उरले, त्याचं मला काही वाटत नाही. पण आमचे भट्टीवाले काका! बावीस वर्षं पहाटे उठून पीठ मळणारा माणूस. पिठात साधा केस दिसला तर अख्खा घाणा फेकून देतात. बुधवारी त्यांच्या नातीने शाळेतून येऊन विचारलं, आजोबा, तुम्ही भुसा घालता का? त्यांनी एप्रन धुतला, घडी करून माझ्या हातात दिला आणि गेले. आज चौथा दिवस. मी दोनदा घरी जाऊन आले. म्हणतात, पोरीने विचारलं ना, आता हात चालत नाही. ते आले नाहीत तर मी बेकरी चालवणार नाही, लिहून ठेवा. मला तुमचा इतका राग आलाय मामा, की हे लिहिताना दोनदा पेन मोडता मोडता राहिलं.

मामींना नमस्कार. तुम्हाला वर केला तेवढा पुरे.

तुमची संतापलेली भाची

ता. क. : ग्रुपवर ‘क्षमस्व’ टाकून मोकळे होऊ नका. पुढच्या रविवारी गाडीने या. काकांच्या घरी, त्या नातीच्या समोर बसून सांगा, की मी न वाचता, न बघता लिहिलं. गुडघ्याची सबब चालणार नाही, मी उतरवून घ्यायला येते.

आणखी एक : तुमच्या जुन्या चुका पुराव्यासाठी शोधाव्यात म्हणून आत्ता फोन उघडला. मागच्या महिन्यात तुम्ही एक बातमी पाठवली होती, दुधात कपडे धुण्याची पावडर. तीही तुमच्या त्या ओळीसकट. ती मी एक्केचाळीस जणांना पाठवलीय, मामा. वर स्वतःचं वाक्य जोडून : ‘आपल्या डेअरीवाल्याकडे लक्ष ठेवा.’ बातमी मी शेवटपर्यंत वाचलीसुद्धा नव्हती. त्यांचं शटर तीन आठवडे बंद आहे. मी समजत होते, गावाला गेले असतील.

तर रविवारी आधी तिकडे जाऊ. बोलेन मीच. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.