शवपेट्यांच्या दुकानावरचे पाच भाडेकरू

मारिकिना, बुटांच्या कारखान्यातून,
एप्रिल, जेवणाची सुट्टी

प्रिय तिया कोन्चिंगला तुझ्या भावाच्या पोराचा, एल्पिदियोचा, तुझा हात कपाळाला लावून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? बकरी व्याली का? आंबे उतरवायला माणसं मिळाली, की यंदाही तू स्वतःच शिडीवर चढलीस? (चढली असशील तर कळवू नकोस, माझं काळीज आधीच ठिकाणावर नाही.) माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे उजवं कोपर सुजलंय, अंगठ्याचं नख काळं पडलंय आणि झोप उडालीय, पण एकूण उत्तम. हे पत्र बुटांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय आणि दर चार ओळींनी उठून दारापर्यंत जाऊन येतोय. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मी मुलींच्या बोर्डिंगात राहत होतो तिथवरची हकीकत तुला ठाऊक आहे. पुरुषी हार्मोनची औषधं सुरू झाल्यावर माझा आवाज फुटला. एकदा सकाळी न्हाणीघराच्या रांगेत मी नुसतं “कोण आहे आत?” विचारलं, तर आतली पोरगी साबणासकट किंचाळत सुटली. मेट्रनबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला काढताना वाटेत खायला भाताची खीर डब्यात भरून दिली. मग मी पुरुषांच्या बोर्डिंगात गेलो. तिथं न्हाणीघराला दारच नव्हतं. मी सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायचो आणि उन्हाळ्यातही दोन-दोन शर्ट घालून झोपायचो. (मला कायमची थंडी वाजते असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे एकानं प्रेमानं लोकरीची टोपी आणून दिली. मनिलाच्या उकाड्यात ती घालून बसावं लागलं.) पण एका दुपारी डोळा लागला असताना तिथल्या रुफो नावाच्या पोरानं, मित्रांना गोळा करून, माझी चादर ओढली. “बघूया तरी काय आहे,” म्हणाला. सगळे हसले, टोपीवालासुद्धा. मी बॅग उचलली आणि चालत सुटलो. तिया, त्यानंतर आजतागायत मी दाराकडे पाठ करून झोपू शकलेलो नाही. हे विनोदाचं नाही, पण तुला नाही तर कुणाला सांगणार?

त्यानंतर बाल्ताझार भेटला. तो आमच्यात सगळ्यात मोठा, रिक्षा दुरुस्त करतो आणि माझ्यासारखाच आहे, म्हणजे जन्मताना सुईणीनं मुलगी सांगितलं आणि ते तिचं चुकलं, असा. आमच्यासारखेच आणखी तिघं त्यानं जमवले होते आणि पाच जणांना मिळून घर हवं होतं. घरमालक म्हणायचे, कुटुंब आहे का? नाही. विद्यार्थी आहात का? नाही. मग आहात कोण? शेवटी जागा दिली ती आलिंग पुरानं (इकडे थोरल्या बाईला आलिंग म्हणतात), तिच्या दुकानाच्या माडीवर. दुकान कसलं, तर अंत्यविधीचं. खाली शवपेट्या, वर आम्ही. तिनं एवढंच विचारलं, की भुताला भिता का? बाल्ताझार म्हणाला, आम्ही जिवंत माणसांनाच भितो. ती म्हणाली, मग ठीक आहे, जिन्यात चपला काढत जा. (आत लाकडी कडी आहे. पहिल्या दिवशी आम्ही पाचही जणांनी ती आळीपाळीनं लावून पाहिली. लहान पोरांसारखे.)

आता बास्केटबॉल. तू म्हणशील, घर मिळालं तर गप्प बसावं. पण उन्हाळ्यात वस्तीची लीग सुरू झाली, मैदान आमच्या खिडकीखाली, आणि चेंडूचा तो धप्‌धप् आवाज ऐकून पाच माणसांनी माडीवर शांत बसायचं म्हणजे छळ होता. आम्ही नाव द्यायला वस्तीचा कारभार बघणाऱ्या कप्तानाकडे गेलो. पुरुषांच्या संघांनी आमची ओळखपत्रं पाहिली आणि म्हणाले, ह्या बायका आहेत. बायकांच्या संघांनी बाल्ताझारच्या मिशा पाहिल्या आणि म्हणाल्या, हे काय आहे? कप्तान सज्जन माणूस. त्यानं पंख्याखाली बसून बराच विचार केला आणि आम्हाला आजोबांच्या लीगमध्ये टाकलं. आजोबांची काही हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं, मैदानात कुणीतरी पळायला हवंच, आम्हाला तर जमत नाही.

तिया, म्हातारी माणसं किती लबाड असतात याची मला कल्पना नव्हती. पोटानं ढकलतात. दम लागला की छातीवर हात ठेवून खाली बसतात. आपण घाबरून पाणी आणायला धावलो की उठून बास्केट करतात. पहिले सगळे सामने आम्ही हरलो. त्यात छाती सपाट दिसावी म्हणून आम्ही कपड्याखाली जी घट्ट बंडी घालतो ती घालून पळताना श्वास पुरत नाही. मी एकदा भोवळ येऊन पडलो, तर समोरच्या संघातले मांग तास्यो (इकडे काकांना मांग म्हणतात), वय सत्तरीचं, मला उठवत म्हणाले, “पोरा, हे नाटक आमचं आहे. तू स्वतःचं काहीतरी शोध.” त्यानंतर आम्ही सैल बनियन घालून खेळू लागलो. कुणी बघितलंसुद्धा नाही. तिथं सगळ्यांचीच अंगं लोंबत होती, त्यात आमची काय मोठी बात. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. (जिंकलो मात्र तरीही नाही.)

गेल्या रविवारी काय झालं, ते आता ऐक. त्या दिवशी मैदानात मयत मांडलेलं होतं. आलिंग पुराचंच गिऱ्हाईक, वस्तीतल्या सिमेओनाबाईंचा नवरा. घर लहान, म्हणून पेटी अर्ध्या मैदानात, भोवती दिवे, मयताला सोबत म्हणून पत्ते खेळत बसलेली मंडळी आणि शेवयांची पातेली. आम्ही सामना रद्द समजून परत फिरलो, पण सिमेओनाबाई म्हणाल्या, ते लीगचा एकही सामना चुकवत नसत, उरलेल्या अर्ध्यात खेळा. खेळलो. आणि चक्क चांगले खेळलो. मला दोन फ्री थ्रो मिळाले आणि मी चेंडू घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात गुण पुकारणाऱ्याच्या हातातला माइक कुणीतरी ओढून घेतला. तो रुफो होता. मांग तास्योंचा जावई निघाला, सासऱ्यांचा खेळ बघायला आला होता. त्यानं मला ओळखलं. भर मयतात, माइकवरून, आम्ही कोण आहोत, चादरीखाली काय असतं, सगळं सांगितलं.

पत्ते थांबले. सिमेओनाबाई पेटीजवळून उठल्या, सावकाश त्याच्यापर्यंत गेल्या.

“माझा नवरा मेलाय,” त्या म्हणाल्या. “माइक खाली ठेव. त्या पोराचे दोन फ्री थ्रो राहिलेत.”

मांग तास्योंनी जावयाला दंडाला धरून बाहेर नेलं. मी दोन्ही चुकवले. दुसरा तर पार शेवयांत गेला.

पण बोललेला शब्द वस्तीभर झाला. बुधवारी आलिंग पुरा वर आली. आम्ही बॅगा भरायलाच घेतल्या होत्या. ती खाटेवर बसली, पदरासारखा घेतलेला टॉवेल सारखा करत राहिली. म्हणाली, तुम्ही काय आहात याच्याशी मला देणंघेणं नाही, पण एका घरानं आपलं मयत दुसऱ्या दुकानात नेलं, आणि शेजारणी विचारतात. बाल्ताझार म्हणाला, आम्ही जातो. त्यावर ती चिडली.

“जा म्हटलं का मी?” ती म्हणाली. “तुमच्यातल्या एकाच्या तरी घरचं मोठं माणूस आणा. रविवारी माझ्या दुकानाच्या बाकावर सगळ्यांदेखत बसू दे. ही आमची पोरं आहेत एवढं म्हणू दे, पुढचं मी बघते. ज्यांचं कुणीच नाही, त्यांच्यासाठी गावाशी कशी भांडू?”

ती गेल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाल्ताझारच्या बापानं त्याच्या नावानं मेणबत्ती लावून टाकलीय, जिवंतपणी. दुसऱ्याच्या घरचे फोन उचलत नाहीत. उरलेल्या दोघांनी विचारायलाच नकार दिला. मग चौघेही माझ्याकडे बघू लागले, कारण पत्र येतं ते फक्त मला. मी म्हटलं, तिच्या गुडघ्याला बोटीचा प्रवास झेपायचा नाही, आंब्याचे दिवस आहेत, उगाच तिला त्रास नको. आणि तुला त्रास नकोच आहे. मी फक्त खुशाली कळवायला लिहितोय. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बकरीला कुरवाळ.

तुझा,
एल्पिदियो

ता. क. या रविवारी नाही जमणार, पत्रच पोचायचं नाही. पुढच्या रविवारपर्यंत मी आलिंग पुराकडून मुदत मागून घेतलीय. ये. बोटीवरून उतरवून घ्यायला बाल्ताझार रिक्षा घेऊन उभा राहील. भाषण करायचं नाही, नुसतं बसायचं आहे. आलिंग पुरा कॉफी देते, ती वाईट असते, पण पी.

आणखी एक ता. क. आपल्या भाषेत तो आणि ती अशी भानगड नाही, त्यामुळे तू आजवर सुटलीस हे मला माहीत आहे. पण तिथं मला हाक मारावी लागेल. लहानपणी पोरींसारखी हाक मारायचीस तशी ‘इंदाय’ म्हणू नकोस, तिया. ‘तोतो’ म्हण. गावातल्या प्रत्येक पोराला म्हणतेस, त्यांतलाच एक मी. आधी घरी बकरीला म्हणून बघ, जीभ वळेल.

तिसरा ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस. मी शहरात आल्यापासून तिनं मला एक शब्द विचारलेला नाही, सुकी मासळी मात्र दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या हाती येते. आहे ते तसंच राहू दे.

चौथा ता. क. वरचं खोडणार होतो, पण कागद पातळ आहे, फाटेल. आईला सांग. सामना चार वाजता आहे. मी वाईट खेळतो हेही सांग, म्हणजे नंतर बोलायला नको. बाकावर दोघींपुरती जागा आहे. मी बाल्ताझारला शेजारी बसवून पाहिलंय.