एकविसावी स्लाइड

मंगळवार, संध्याकाळ

आज जानेफळच्या ग्रामसभेत नळयोजनेची माहिती दिली. प्रकल्प व्यवस्थापक म्हणून बोलायचं मलाच होतं. तेवीस स्लाइड तयार होत्या, आणि नजर सारखी पडद्यावर. पाइप आले नाहीत, काम दोन महिने लांबलंय, हे मी एकविसाव्या स्लाइडवर ठेवलं होतं. काऊन? भीती, दुसरं काय.

आठव्या स्लाइडला भाजीवाल्या शांताकाकू उठल्या. "साहेब, नळाले पाणी कधी येईन, तेवढं सांगा."

उत्तर तोंडाशी होतं. तरी पडद्याकडे पाहत म्हणालो, "पुढे येतंच आहे."

लोक हसले. मग आमची ज्युनिअर इंजिनिअर सविता उभी राहिली. "काकू, दोन महिने उशीर होईन. पाइपच आले नाहीत."

थोडी कुरकुर झाली. मग काकूंनीच विचारलं, "मंग पहिले कोणती गल्ली?" आणि सभा कामाचं बोलू लागली. मी पडद्यापाशीच उभा.

परतताना गाडीत सविताला म्हटलं, "उद्या नांदुऱ्याच्या सभेले तूच बोल."

"नाही सर, तुम्हीच बोला. फक्त लोकायकडे पाहा, अन् उशीर पहिले सांगा."

बारा वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा. तरी मान डोलावत म्हटलं, "हाव."