अकरा किलोमीटरचा लाल ट्रेल

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
काल सायकल आणली. जाड टायर, पुढं सस्पेन्शन, गिअर एकवीस. रायडिंग करणारे लोक रोजनिशी ठेवतात असं ऐकलंय, म्हणून ही वही.

कारण असं. कंपनीची सहल १४ डिसेंबरला कोकणात. समुद्राच्या कडेला जंगलाचा पार्क आहे, आत माउंटन बाइकचे दोन ट्रेल. हिरवा तीन किलोमीटर, लाल अकरा. आमच्या लाइनवरचा अझरुद्दीन परवा कँटीनमध्ये नावं लिहून घेत होता. पोरगं चांगलं आहे, चार वर्षं माझ्याच हाताखाली शिकलं. मला विचारलं, "काका, तुम्ही बॅगांपाशी थांबणार ना?" मी म्हणालो, लाल लिही. सगळं टेबल गप्प झालं. आदरानं.

वय एक्कावन्न. रांजणगावला क्वालिटीत पार्ट तपासत चोवीस वर्षं उभा आहे. उभ्या माणसाचे पाय आयतेच तयार असतात. ट्रेनिंगची खरं तर गरज नाही. तरी करू.

बायकोनं, अंजनानं, विचारलं, ही कुणासाठी? म्हणालो, माझ्यासाठी. ती दळण घेऊन गिरणीत गेली.

३ नोव्हेंबर, सोमवार.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोज दहा किलोमीटर. तळलेलं बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
सव्वासहाला उठलो. कंपनीची बस जेमतेम मिळाली. विश्रांती हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग असतो.

घरी भजी होती. अंजनाचं मन मोडवेना.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.
पहिली राइड. शिरूरच्या बाहेर वनखात्याचा माळ आहे, तिथं. वर चढून घोडनदी बघायची असा प्लॅन. चढाच्या पायथ्यालाच दोन्ही टायर गेले. बाभळीचे काटे. तीन किलोमीटर ढकलत आणली. ढकलण्यात दंडांना, खांद्यांना, पाठीला, सगळ्याला व्यायाम होतो. नुसतं बसून ते होत नाही.

एसटी डेपोजवळच्या पंक्चरवाल्यानं विचारलं, कुठवर गेला होतात? माळावर, म्हणालो. खोटं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६.
मोठी राइड. शिरूर ते केडगाव, चांगुणाकडं. बहिणीला कालच फोन करून सांगितलं होतं, सायकलवर येतोय. न्हावऱ्यापर्यंत जोरात गेलो. पुढं वारा समोरून होता. शिवाय एक कडब्याचा टेम्पो केडगावलाच चालला होता आणि ड्रायव्हर ओळखीचा निघाला. माणसाला नाही कसं म्हणायचं? चांगुणाच्या घराअलीकडं उतरलो आणि शेवटचा टप्पा रुबाबात मारला.

चांगुणानं शेजारच्या चार बाया दारात उभ्या केल्या होत्या. ओवाळलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "दादा, एवढ्या लांबून आलास, आन् घाम कसा न्हाई रं?"

फिट माणसाला येत नाही, असं सांगितलं. ती चेनमध्ये अडकलेला कडबा काढत बसली. जेवताना रस्सा मात्र दोनदा वाढला.

परत येताना दाजींनी सायकल जीपमध्ये टाकली. रिकव्हरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. स्टोअरमध्ये जागा झालीय, बसून काम, मापाची गेज द्यायची-घ्यायची, रजिस्टर बघायचं. अर्ज देताय का, विचारलं. मी सांगितलं, १४ तारखेला मी लाल ट्रेल करतोय. त्यांना संदर्भ लागला नाही.

खुर्ची म्हणे. मला!

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
लाइनवर आज तीनदा क्रेटवर टेकलो. सॅडलची सवय म्हणून.

एक क्रॅक असलेला पीस माझ्या हातून पास झाला. अझरुद्दीननं पुढच्या टेबलावर पकडला, गुपचूप रिजेक्टच्या लाल डब्यात टाकला, कुणाला कळू दिलं नाही. लायटिंग फार खराब झालंय आपल्याकडं. कळवायला पाहिजे.

बसमध्ये शेजारी बसून तो ट्रेलबद्दल सांगत होता. लाल ट्रेलच्या शेवटी म्हणे एकदम कडा येतो आणि खाली समुद्र. मोबाइलवर त्यानं तो व्हिडिओ कितीदा बघितलाय. दर रविवारी पहाटे माळावर जातो. पाच महिने झाले. मित्राची सायकल मागून आणतो. विचारलं, "काका, तुम्ही कवा जाता? दिसला न्हाई कधी." म्हणालो, माझी वेळ वेगळी.

७ डिसेंबर, रविवार.
जायचं होतं. आभाळ होतं. आदल्या आठवड्यात जोर करायचा नसतो असं कुठंतरी वाचलंय.

अंजना म्हणाली, गुडघ्याला तेल लावून देते. म्हणालो, गुडघ्याला काय झालंय? "झोपेत कण्हता तुम्ही," म्हणाली. ट्रेलचंच स्वप्न असणार.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी ४, परतीची बस.
घडलं तसं लिहितो.

सकाळी आठला ट्रेल सुरू. लालवर आम्ही नऊ जण. अझरुद्दीन माझ्याबरोबर हळू चालवत होता. त्याला म्हणालो, तू पुढं हो, अनुभवी माणूस शेवटी राहतो, मागचं सांभाळायला. त्यानं विचारलं, "नक्की ना काका? जमतंय ना?" मी म्हणालो, अरे, केडगावपर्यंत गेलोय मी सायकलवर. तो गेला.

काजूची झाडं, खाली तांबडी माती, वाटेवर मुळं आडवी. पहिल्याच वळणाला उतार. पुढचा ब्रेक दाबला. सायकल थांबली, मी नाही.

लागलं फार नाही. गुडघा. उठायचा प्रयत्न केला, मग जरा वेळानं करू म्हटलं. पुढच्यांचे आवाज ऐकू यायचे बंद झाले. खालून कुठून तरी लाटांचा आवाज येत होता. मोबाइलला रेंज नव्हती. तास-दीड तास बसलो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. ट्रेलची पाहणीही झाली.

मग वनखात्याच्या रतनबाई आल्या. खाकी साडी, हातात काठी. रोज दोनदा हा ट्रेल पायी फिरतात. विचारलं, हरवलात की पडलात? म्हणालो, दोन्ही नाही, पाहणी करतोय. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "या वळणावर दर रविवारी कोणीतरी पाहणी करत बसलेलं असतं. इथं एक बाकडं टाका म्हणून मी ऑफिसला लिहून दिलंय."

सायकल त्यांनी ढकलली. मी त्यांच्या काठीवर. सुरुवातीपासून पाचशे मीटरसुद्धा आलो नव्हतो.

गेटवर अझरुद्दीन नव्हता. बाकीचे सात जण लाल करून आले, फोटो काढले, समुद्रावर गेले. त्यांना वाटत होतं, तो माझ्याबरोबर आहे. तो अकराच्या सुमारास आला. तांबड्या धुळीनं माखलेला, आवाज बसलेला. चौथ्या किलोमीटरला माझी वाट बघत थांबला होता. मी येईना तेव्हा मागं फिरला. मधे हिरवा ट्रेल फुटतो, मी चुकून तिकडं वळलो असेन म्हणून तो सगळा हाका मारत पालथा घातला. मला गेटवर चहा पिताना बघून सायकलसकट खाली बसला.

"काका, बोलायचं ना. न्हाई जमत म्हणून बोलायचं."

मी म्हणालो, अजून वेळ आहे, जा, तू करून ये. तर गेटवाल्यानं सांगितलं, लाल ट्रेल अकराला बंद होतो. उन्हाचा.

मग मी म्हणालो, ट्रेलमध्ये तसं बघण्यासारखं काही नाही.

हे बोलायला नको होतं.

आता बसमध्ये पुढच्या सीटवर तो खिडकीला डोकं टेकून बसलाय. झोपला असावा. गाणी लावली होती, त्यानं बंद करायला सांगितली.

१६ डिसेंबर, मंगळवार.
स्टोअरचा अर्ज भरला. 'कारण' अशी रेघ आहे. आधी लिहिलं, स्टोअरला अनुभवी माणसाची गरज आहे. खोडलं. लिहिलं, लायटिंग. खोडलं. नवा फॉर्म मागून आणला. लिहिलं, पाय दुखतात. दमतो.

अंजनाला दाखवला. तिनं दोनदा वाचला आणि तेलाची वाटी गरम करायला ठेवली.

२२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११.
स्टोअर. खुर्ची बरी आहे. पंखा आवाज करतो.

सायकल अझरुद्दीनला घेऊन जा म्हणालो होतो. नको म्हणाला, मित्राची हाय.

मघाशी तो गेज न्यायला आला. मी आठवडाभर वाक्य जुळवत होतो, ऐनवेळी वेगळंच तोंडात आलं. म्हणालो, "अझर, तुझा ट्रेल माझ्यामुळं राहिला."

मला वाटलं, जाऊ द्या काका म्हणेल. हसेल.

"व्हय," म्हणाला.

गेज दिलं. रजिस्टरवर सही घेतली. तो लाइनवर गेला.