माझ्या पेन्शनचा पासवर्ड

नायगाव, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षवर्धन,
सप्रेम जय भीम.

तू बरा असशील. मीही बरी आहे, गुडघा सोडून. आपली चाळ पाडायला घेतलीय. नवीन घर मिळेपर्यंतची ही खोली लहान आहे, पण वारा येतो. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र.

"आई, अ‍ॅपमध्ये काहीच दिसत नाही, बिघडलंय का?" असं विचारत होतास. बिघडलेलं नाही. मी काढून टाकलं. बँकेचा पासवर्डही बदलला.

बाबा गेले तेव्हा माझा खर्च तुला दिसावा म्हणून तू काळजीनंच ते माझ्या फोनवर बसवलंस, मान्य. पण मी मासळी घेतली की बंगलोरला तुझा फोन वाजायचा. "आई, टॅक्सी कशाला केलीस?" अरे, पेन्शन माझी, गुडघा माझा!

आता हिशोब तुझ्या जुन्या कंप्युटरवर ठेवते. शेजारच्या अक्षतानं सॉफ्टवेअर सुचवलं. फुकट आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, आत काय आहे ते कुणीही तपासावं. नेट नसलं तरी चालतं, आणि माझे आकडे घराबाहेर जात नाहीत. डेबिट-क्रेडिटनं आधी रडवलं. एकदा पेन्शनच खर्चात टाकली आणि दुपारभर कंगाल होऊन बसले! मग जमलं.

"तुला कुणीतरी लुबाडेल," म्हणालास. "कोण?" विचारलं, तर फोन ठेवलास. दर महिन्याला काढलेले रोख पैसे कुठे जातात हे तू विचारायचास, तेव्हा मीही विषय बदलायचे. तू नाव घेत नाहीस, तर मी घेते. प्रिती.

तिच्या लॉ कॉलेजची फी मी हप्त्याहप्त्यानं भरते. नवरा मारायचा म्हणून ती घर सोडून निघाली. तो तुझा मित्र, म्हणून तू सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलंस. मी नाही टाकलं. आता माझ्या हिशोबात त्या खात्याला उघड नाव दिलंय, 'प्रितीचं शिक्षण'. बघायचं असेल तर इथे ये, माझ्या शेजारी बसून बघ. पासवर्ड मिळणार नाही.

येत्या रविवारी ती सामान घेऊन माझ्याकडे येतेय, कायमची. नवीन घरातही माझ्यासोबतच राहील. तू आलास तर तुझंही ताट वाढीन. मात्र जेवताना तिच्याशी बोलावं लागेल.

तुम्हा दोघांचीही,
आई