शिवाच्या शर्टाची कॉलर

१९ जाने. ७४
शिवा सकाळपासनं आरशासमोर. नवा शर्ट, लांब टोकांची कॉलर. टाय घालायचा नाही, वरचं बटण उघडं, फॅशन म्हणे! मग कॉलर दोन्हीकडं लोळणारच की. खळ घातली, इस्त्री केली. शाळेत पोरांना शिकवून येईस्तोवर पुन्हा मेलेली. पुढच्या रविवारी अक्कलकोटला पोरगी बघायला जायचंय. आधीच पोरगा मान खाली घालून बोलतो. दोन नकार झालेत. आणखी एक आला तर खचेल.

२१ जाने.
बाशाभाई टेलर म्हणाला, "बाई, आत ताठ पट्टी पायजे. जुना एक्स-रे असंल तर आणा की. समदेच आणतेत."
घरात एकच. ह्यांच्या छातीचा. क्षयानं गेले तेव्हा शिवा रांगत होता. लग्नातला फोटो वाळवीनं खाल्ला, ह्यांचं म्हणून हेवढंच उरलंय. तरी नेऊन दिला. कडेनं काप, मधे हात लावू नको, असं बजावलं.

२४ जाने.
कॉलर झकास उभी. पण मेल्यानं मधनंच कापलं! कडा वाकल्या होत्या म्हणे. फुप्फुसावर जिथं डाग होता, नेमकं तिथनं. भर दुकानात भांडले. रविवार तोंडावर, उसवणार कधी? तसाच शर्ट घेऊन घरी आले.

२७ जाने.
अक्कलकोट. शिवा ताठ बसला, मुलीच्या वडलांशी कानडीत खणखणीत बोलला. पसंती दोन्हीकडनं. देव पावला.
येताना एस.टी.त मान डावीकडं कलती करून, दोन बोटांनी गळा चोळत बसला. हे अगदी तसेच बसायचे. शिवानं पाहिलेलं नाही. मी कधी सांगितलेलं नाही.

२ फेब्रु.
रोज तोच शर्ट. धुतो, पुन्हा तोच. खोकला लागलाय, कोरडा. खोकून झालं की जरा थांबतो, मग हळूच एकदा. स्वैपाकघरात ऐकलं आणि मी चहात आलं किसायला घेतलं, ह्यांच्यासाठी घ्यायची तसं. खरं लिहू? बरं वाटलं. लाज वाटते लिहिताना.

५ फेब्रु.
रुमालावर लाल. बास झालं!
"काढ तो शर्ट."
"अव्वा, ह्या शर्टात मला कुणाची भीती वाटत न्हाय."
ओढूनच घेतला. कॉलर उसवली, पट्ट्या खिडकीशी धरल्या. कोऱ्या! फासळी नाही, डाग नाही. धुण्यात गेलं असेल म्हणून बाशाभाईला दाखवल्या. तो म्हणाला, "असं व्हतंय कवा कवा." पण माझ्या डोळ्याला डोळा भिडवेना.

७ फेब्रु.
शिवा आज जुन्या शर्टात. कॉलर मऊ, पडलेली. मान मात्र ताठ, डावीकडं कलती.
डॉ.कडं नेलं. "घाबरू नका बाई, आता औषधं आहेत. आधी छातीचा फोटो काढू. उद्या सकाळी या." अक्कलकोटची माणसं सोमवारी तारीख धरायला येतायत. त्यांना काय कळवायचं?
"फोटो नको," मी एकदम म्हणाले.
डॉ. हसले. "का हो?"
शिवाही बघत होता माझ्याकडं. काय सांगू? फोटो कुणाचा निघेल त्याचं भ्या वाटतं म्हणून? पोर माझं जायला नको, एवढंच मागायला हवं मी देवापाशी. मागतेच आहे. पण तो फोटो मला बघायचाही आहे.